आतला नंबर तोच

१

या इमारतीत मी हो म्हटल्याशिवाय कुणी माणूस होत नाही. मोठे साहेब असोत नाहीतर झाडूवाली मावशी, मी नाव घातलं की जन्मले, मी नाव बंद केलं की गेले. आता खरं सांगायचं तर हो म्हणतात साहेब, सही करतात मॅडम, आणि मी आपला दोन बोटांनी टाइप करतो. त्यातही निम्म्या वेळा मॅडम मागून म्हणतात, काका, एक अक्षर खाल्लंत.

शाळेशी माझं फारसं जमलं नाही. या ऑफिसात मी वायरी ओढायला लागलो, वायरींच्या मागे मागे कॉम्प्युटरच्या खोलीपर्यंत आलो, आणि तिथे गारवा बरा आहे म्हणून तिथेच बसलो.

काम सोपं. प्रत्येकाचं एक लॉगिन नाव असतं, नावाचं पहिलं अक्षर आणि पुढे आडनाव. ही सगळी नावं जिथे राहतात तिला डिरेक्टरी म्हणतात. सकाळी माणूस खुर्चीत बसतो, लॉगिन नाव टाकतो, पासवर्ड टाकतो, आणि डिरेक्टरी ठरवते, हा आपला की परका. आपला असेल तर त्याच्या फायली उघडतात, त्याच्या कार्डाने दारं उघडतात, चहाचं मशीनसुद्धा त्याला ओळखतं. परका असेल तर उभा जिन्यात.

एवढी सत्ता हातात दिल्यावर माणूस खोड्या काढणारच. अकौंटमधल्या लांबूचं डिरेक्टरीतलं नाव मी एक दिवस 'माननीय उंट' करून ठेवलं होतं. दिवसभर त्याच्या प्रत्येक ईमेलवर माननीय उंट. मॅडमनी मला झाप झाप झापलं आणि मग केबिनचं दार लावून एकट्या हसत बसल्या. तेव्हापासून मी काहीही बोललो तरी लोक आधी माझ्या मिशीकडे बघतात, हलतेय का म्हणून. मला त्याचा अभिमान होता.

आणि मग माझी मुलगी याच इमारतीत नोकरीला लागली.

२

तिला घरी आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी बसत नाही. पहिल्याच दिवशी माझ्या खोलीत आली, माझ्या चाकाच्या खुर्चीत बसली, पाय वर घेतले आणि स्वतःला गोल गोल फिरवलं. फिरता फिरताच विचारते, बाबा, तू दिवसभर इथे बसून करतोस काय? मी म्हटलं, तुझ्यासारख्यांना माणसात आणतो.

तिला टेबल मिळालं आवक विभागात, खिडकीजवळचं. तिथे आधी थर्मास बाई बसायच्या. हे नाव अर्थात माझं. बाई दिवसभर नुसतं गरम पाणी प्यायच्या, थर्मासचं झाकण फिरवून काढायच्या, त्यातच ओतायच्या, फुंकर घालून एक घोट, की झाकण परत घट्ट. आख्ख्या इमारतीत माझ्या विनोदाला न हसलेलं माणूस एकच, ते म्हणजे बाई. माझी गंमत पूर्ण ऐकून घ्यायच्या आणि विचारायच्या, "झालं तुमचं?" गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी त्यांनी टेबलावर डोकं टेकलं. शेजारच्यांना वाटलं डुलकी लागली. त्यातच त्या गेल्या.

नवा माणूस आला की नवं खातं काढावं, असा नियम आहे. पण बाईंच्या खात्याला इतक्या वर्षांत कुठकुठल्या परवानग्या चिकटल्या होत्या, देव जाणे. कुठली कपाटं, कुठले फोल्डर, तळघराचं दार. नव्या खात्याला त्या एकेक करून द्यायच्या म्हणजे सह्यांसाठी वणवण. म्हणून आमच्या इमारतीची रीत अशी, की गेलेल्या माणसाचं खातं घ्यायचं आणि त्याचं नाव बदलायचं. खुर्ची तीच, खातं तेच, वर नाव नवं. इथे सगळे असेच आलेत.

डिरेक्टरीला त्याचं काही वाटत नाही, कारण ती माणसाला नावाने ओळखतच नाही. तिने प्रत्येक खात्याला एक लांबलचक नंबर दिलेला असतो, आतल्या आत. नाव बदला, फोटो बदला, आतला नंबर तोच. आणि खातं एकदा पुसलं की तो नंबर कायमचा गेला. मग त्याच नावाचं दुसरं खातं काढलंत तरी डिरेक्टरीच्या लेखी तो कुणी तिसराच. म्हणून आम्ही पुसत नाही, फार तर बंद करतो.

यात एक गोम आहे. खात्याला लॉगिन नावं दोन असतात. एक नवं, लांब, ईमेलच्या पत्त्यासारखं. दुसरं आखूड, जुन्या मशीनच्या काळातलं. दोन्हींपैकी कुठलंही टाका, तेच खातं उघडतं. मी बाईंच्या खात्यावर लेकीचं लांब नाव घातलं, स्वतःची पाठ थोपटली आणि खिडकी बंद केली. आखूड नाव खालच्या रकान्यात असतं. तिथपर्यंत बघायची मला सवय नाही. ते बाईंचंच राहिलं.

३

माझ्या पडद्यावर कोण कधी आत आलं ते दिसतं. एका सकाळी, ऑफिस उघडायच्याही आधी, तिथे बाईंचं आखूड नाव दिसलं.

मला आधी आनंदच झाला. म्हटलं, माननीय उंटाला सूड सुचला तर. कुणीतरी माझी फिरकी घेतंय म्हणजे माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवणीचं चीज झालं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मग ठरवलं, लांबूला रंगेहाथ पकडायचं, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन आवक विभागातल्या कपाटामागे उभा राहिलो.

रिकामं ऑफिस मी आयुष्यभर बघत आलोय, पण कपाटामागून बघायची पहिलीच वेळ. खिडक्या बंद, हवा कालचीच. पाण्याचं मशीन मधेच घुरघुरायचं आणि गप्प व्हायचं. ट्यूबलाइट दारापासून एकेक करत लागत आल्या, आणि त्यांच्याखालून माझी मुलगी चालत आली. लवकर काम असतं म्हणून ती हल्ली माझ्या आधी घर सोडायची.

ती बसली. खुर्ची फिरवली नाही. पदर सारखा करावा तसा हात खांद्यावरून खाली नेला. अंगात तिच्या शर्ट होता. मग तिने लॉगिन नाव टाइप केलं, आणि ते मला कपाटामागूनसुद्धा वाचता आलं. बाईंचं. पडदा उघडला. तिचा उजवा हात टेबलाच्या कोपऱ्याकडे गेला, तिथे काहीही नव्हतं, आणि मनगट फिरलं, एकदा, दोनदा, झाकण काढताना फिरतं तसं. तिने ते काहीच नसलेलं ओठांपाशी नेलं, आणि प्यायच्या आधी फुंकर घातली.

मला दुसरं काय सुचणार? मी कपाटामागून उडी मारून भ्याव केलं.

ती दचकली नाही. मान वळवून माझ्याकडे शांतपणे बघत राहिली आणि म्हणाली, "झालं तुमचं?"

४

डोकं गार ठेवून विचार केला. आवक विभागातल्या बायका बाईंच्या नकला करत असतील, पोरीने ऐकल्या असतील. आखूड नाव कुणीतरी सांगितलं असेल. तिला विचारलं, हे नाव कुठून काढलंस? तर म्हणाली, मी रोज हेच टाकते, दुसरं कुठलं टाकणार? चेहऱ्यावर मिस्कीलपणाचा मागमूस नाही. माझी मुलगी खोटं बोलते तेव्हा तिची डावी भुवई उडते, माझ्याकडून गेलेली देणगी ती. भुवई जागच्या जागी.

मग मी लक्ष ठेवायला लागलो. गेटवरचा सिक्युरिटीवाला तिला या बाई म्हणायला लागला. मी त्याला हटकलं तर तो ओशाळला, म्हणाला, काका, तोंडातून गेलं. लांबूने एकदा तिला एका फार जुन्या प्रकरणाची फाईल विचारली आणि तिने न शोधता कपाट सांगितलं. ती जन्मली नव्हती तेव्हाचं प्रकरण. लांबूला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, बाईंना माहीत असणारच की.

घरी बायको आधी खूश होती. पोरगी खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करते, कपड्यांच्या घड्या घालते, मोठ्याने बोलत नाही. नोकरी लागली की माणूस सुधारतं, तुमचा अपवाद सोडला तर, असं मला ऐकवून झालं. मीही हसलो. हसायलाच हवं होतं, नाहीतर ते खरं झालं असतं.

मग एका संध्याकाळी दारावर बेल वाजली. बायकोने उघडलं, बाहेर लेक उभी. किल्ली तिच्या पर्समध्येच होती. दोघी बाहेरच्या खोलीत थोडा वेळ बसल्या, बोलण्याचा आवाज येत होता, पाहुण्यांशी बोलतात तसा, थांबत थांबत. मी स्वयंपाकघरात होतो. बायको आत आली, ओट्याला धरून उभी राहिली.

"तुम्ही तिला काय शिकवलंय ते आता पुरे करा," ती अगदी हळू म्हणाली. "आत्ता तिने मला विचारलं, तुमची मुलगी घरी कधी येते."

५

मी मॅडमकडे गेलो. सगळं सांगितलं, पहिल्यापासून. मॅडम पेन खाली ठेवून ऐकत होत्या, नजर माझ्या मिशीवर. म्हटलं, मॅडम, माझी मुलगी जातेय हातातून. हात जोडले. त्यांनी ओठ दाबले, खांदे हलायला लागले, आणि शेवटी त्या खळखळून हसल्याच. काका, ही तुमची आजवरची सगळ्यात भारी, म्हणाल्या. बाहेर आलो तर लांबू दारात. म्हणाला, डोळ्यांत पाणी कसं आणलंत, आम्हालाही शिकवा.

आख्खी हयात मी या लोकांना एकच गोष्ट शिकवली होती, की माझ्यावर विश्वास ठेवू नका. चांगले विद्यार्थी निघाले.

मग मी माझ्या परीने जे करायचं ते केलं. लेकीचं खातं उघडलं, खालच्या रकान्यापर्यंत गेलो, बाईंचं आखूड नाव खोडलं आणि तिथे तिचं घातलं. अक्षरन् अक्षर दोनदा तपासलं. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

सकाळी गेटवर गर्दी. मधे माझी मुलगी. कार्ड चालत नव्हतं म्हणून सिक्युरिटीवाल्याने नेहमीप्रमाणे नाव विचारलं होतं, आणि तिला ते सांगता येत नव्हतं. तोंड उघडत होतं, जीभ हलत होती, आवाज नाही. मी तिला खांद्याला धरून टेबलापर्यंत नेलं. तिने बोटं कीबोर्डवर ठेवली आणि ती तिथेच राहिली, एखाद्याने हातमोजे विसरून जावेत तशी. डोळे उघडे, पण त्यांतून कुणी बघत नव्हतं. मी तिला भिंगरे म्हटलं. तिच्या लहानपणच्या नावांनी हाक मारली, एकामागून एक. आईचं नाव सांगितलं. तिचा श्वास इतका लांब लांब येत होता, की प्रत्येक वेळी वाटावं, हा शेवटचा.

मी जिने धावत चढलो. लिफ्टची वाट बघायचा धीर नव्हता. खोलीत जाऊन माझ्या या दोन बोटांनी बाईंचं नाव परत खालच्या रकान्यात घातलं.

धापा टाकत खाली आलो तेव्हा ती व्यवस्थित बसली होती, टपाल लावत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, वय झालंय तुमचं, पळू नका.

६

शेवटी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. लेकीच्या नावाचं कोरं खातं काढलं. नवं नाव, नवा पासवर्ड, आत नवा नंबर. तिच्या टेबलाशी जाऊन ते तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि टपाल लावत राहिली.

दुपारी, जेवणानंतरच्या पेंगुळल्या वेळेला, माझ्या पडद्यावर ते नवं नाव दिसलं. आत यायचा प्रयत्न, पासवर्ड चुकला. परत प्रयत्न, परत चुकला. मी काचेतून खाली बघितलं. आवक विभागात ती टेबलापाशी बसली होती, हात टपालावर, समोरचा पडदा काळा.

इकडे नवं नाव धडका मारत होतं. फार वेळा पासवर्ड चुकला की खात्याला आपोआप कुलूप लागतं. लागलं. मी कुलूप काढलं. धडका सुरू. परत कुलूप, परत काढलं. कुठल्या मशीनवरून चाललंय ते बघितलं. तळमजल्याच्या मागची अडगळीची खोली.

तिथे आम्ही मोडक्या खुर्च्या आणि जुनी मशीनं टाकतो. दार कुलूपबंद होतं. किल्ली घेऊन उघडलं. आत खुर्च्यांवर खुर्च्या, पाय वर केलेल्या, उंदरांचा वास, एका कोपऱ्यात जुना पडदा, आणि तो चालू. त्याच्यासमोर एकच खुर्ची सरळ ठेवलेली. ती फिरत होती. हळूहळू, गोल, कुणीतरी पाय वर घेऊन स्वतःला ढकलून द्यावं आणि मग विचारात पडावं तशी.

वारा म्हणाल तर त्या खोलीला खिडकी नाही. माझ्या चालण्याने फिरली म्हणाल तर मी अजून उंबऱ्यावरच होतो. मी सगळं म्हणून बघितलंय, तुम्ही नवीन काही काढू नका.

पडद्यावर लॉगिन नावाच्या चौकटीत लिहिलं होतं, बाबा. मी बघत असताना त्याच्यापुढे अक्षरं उमटली. तू. आणि मग, आहेस का. कीबोर्डवर धुळीचा थर होता आणि तो कुठेही मोडला नव्हता.

मी गुडघ्यावर बसलो. खुर्चीला हात लावायची हिंमत झाली नाही. म्हटलं, आहे गं, इथेच आहे, घाबरू नकोस, तुझं नाव टाक. चौकट रिकामी झाली. तिचं नाव आलं, बरोबर. मग मी त्या रिकाम्या खोलीत पासवर्ड मोठ्याने सांगितला, एकेक अक्षर, लहानपणी पाढे म्हणून घ्यायचो तसा. दुसऱ्या चौकटीत एकेक टिंब पडत गेलं. शेवटचं पडलं. क्षणभर वाटलं, उघडलं.

मशीन म्हणालं, या नावाला इथे बसायची परवानगी नाही.

नसणारच. सगळ्या परवानग्या जुन्या खात्यावर. दारं त्यावर, कपाटं त्यावर, ती खुर्ची, ते टेबल, घरी परत यायची वाटही बहुतेक त्यावरच. खुर्ची फिरायची थांबली होती. तिची पाठ माझ्याकडे होती.

७

मी वर आलो आणि जुनं खातं उघडलं. ठरवलं, पुसायचं. बंद नाही, पुसायचं. मग सगळ्या परवानग्या नव्यावर घालीन, साहेबांच्या पायावर लोळण घेऊन सह्या आणीन, आणि माझी मुलगी अडगळीतून उठून आपल्या टेबलावर येईल. त्या दिवशी टेबलाशी तिचा श्वास कसा चालला होता ते आठवलं, आणि हात थांबला. पुसल्यावर टेबलावरचं अंगच गेलं तर? नंबर परत येत नाही. परत काढलेला माणूस तिसराच असतो.

मशीन विचारत होतं, नक्की पुसायचं का.

दारात चाहूल लागली. ती आली होती. माझी मुलगी, तिच्या शर्टात, तिच्या चपलांत, हात पोटाशी जुळवून, बाई साहेबांच्या दारात उभ्या राहायच्या तशी. तिने पडद्याकडे बघितलं. तिला सगळं समजलं, हे मला समजलं.

आयुष्यात पहिल्यांदा मला एकही विनोद सुचला नाही. मी विनवण्या केल्या. म्हटलं, बाई, तुम्हाला मी कधी त्रास दिला असेल तर माझ्यावर काढा. मग लेकीला म्हटलं, तुला आठवतं का, तू लहान असताना तापात माझ्या पोटावर झोपायचीस, मी श्वास रोखून धरायचो, तुझी झोप मोडू नये म्हणून. तर म्हणाली, आठवतं, तुमच्या बनियनला सोल्डरचा वास यायचा. खरं होतं. हे बाईंना कसं माहीत असेल? आणि ही जर माझीच मुलगी, तर खाली कोण बसलंय?

"खाली अडगळीत माझं पोर बसलंय," मी म्हटलं. "दार उघडायची वाट बघतंय. मला तिला आत घ्यायचंय. मी पुसतोय."

ती पुढे आली. खुर्चीमागे उभी राहिली. तिचा हात माझ्या खांद्यावर पडला, हलका आणि गरम, गरम पाण्याचं भांडं धरलेला असावा तसा. मग वाकून, अगदी समजुतीने, माझ्या कानाशी म्हणाली:

"पुसा ना. पण आधी तुमचं खातं कुणाचं नाव बदलून केलंय, ते उघडून बघा. मग ठरवू, मी कुणाची मुलगी ते."